कॉम्प्रेशन किती चढवावं?

जुन्या गाडीचं इंजिन कामाला निघालं की मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो. ब्लॉक लेथवर जाणारच आहे, बोअर होणारच आहे, पिस्टन नवे लागणारच आहेत. मग थोडे उंच माथ्याचे, जास्त कॉम्प्रेशनचे का घालू नयेत? विचार रास्त आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम वाढवणारे उपाय फार थोडे आहेत आणि त्यांत हा पहिल्या रांगेतला. अडचण आहे ती हिशेब कुठून सुरू करायचा याची. बहुतेक जण आधी कॅटलॉगमधल्या आकड्यावर बोट ठेवतात आणि मग पेट्रोल, टायमिंग, हेड सगळं त्या आकड्याशी जुळवायला बसतात. रोज रस्त्यावर धावणारी आणि वाटेत लागेल त्या पंपावर टाकी भरणारी गाडी असेल, तर हा क्रम उलटा हवा. पिस्टन सगळ्यांत शेवटी ठरवायचा, आणि ठरवताना गाडीच्या वाट्याला येणारं सर्वांत हलकं पेट्रोल, सर्वांत कडक ऊन आणि सर्वांत खडी चढण गृहीत धरायची. असा हिशेब केला की उत्तर बहुधा मनातल्या आकड्यापेक्षा एखाद्या अंकाने कमी येतं. तरीही रस्त्यावर गाडी त्या कमी आकड्यालाच जास्त ओढते, हे या प्रकरणात दाखवायचं आहे.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन अगदी खाली असताना सिलिंडरमध्ये मावणारं आकारमान भागिले पिस्टन अगदी वर असताना उरणारं आकारमान. ऑटो चक्राच्या आदर्श सूत्रानुसार हा रेशो ८ असेल तर उष्णतेपैकी साडेछप्पन्न टक्के कामी येते, ९ असेल तर साडेअठ्ठावन्न, १० ला साठ आणि ११ ला जवळपास बासष्ट टक्के. प्रत्यक्षात भिंतींमधून निसटणारी उष्णता आणि घर्षण धरता सगळेच आकडे बरेच खाली येतात, पण त्यांचा कल तोच राहतो. या आकड्यांत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ८ वरून ९ वर गेल्यावर मूळच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांचा लाभ होतो. १० वरून ११ वर जाताना तोच अडीच टक्के होतो. म्हणजे वर चढावं तसा प्रत्येक अंकाचा मोबदला घटत जातो. धोका मात्र घटत नाही, वाढतो. उरलेला सगळा हिशेब या दोहोंच्या तफावतीचा आहे.

उदाहरणाला आपल्याकडच्या गॅरेजांच्या सवयीचं इंजिन घेऊ. सुझुकीचं १२९८ सीसीचं जी१३बी घराणं एस्टीममध्ये होतं, जिप्सी किंगमध्ये होतं आणि २००५ साली भारतात आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. एका सिलिंडरचं आकारमान ३२४.७ सीसी भरतं. हिशेबापुरता मूळ रेशो ९ धरला, तर पिस्टन वर टेकल्यावर उरणारी जागा ४०.६ सीसी. रेशो १० करायचा तर ही जागा ३६.१ सीसी व्हायला हवी, ११ साठी ३२.५. म्हणजे ९ आणि १० यांच्यातला फरक साडेचार सीसीचा, चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही इतका. एवढ्याशा जागेसाठी पिस्टन बदलले जातात, आणि एवढ्याशाच जागेची चूक सगळा हिशेब बिघडवू शकते. हेड आधीच्या कामात एकदा फेस झालेलं असेल आणि त्याची खोली पुस्तकातल्या मापापेक्षा फक्त दोन सीसीने कमी झाली असेल, तर ‘१०’ म्हणून विकत घेतलेला पिस्टन या गाडीत साडेदहाचा होतो. पिस्टनच्या डब्यावरचा आकडा त्या एकट्या पिस्टनचा नसतोच. ठरावीक खोलीचं हेड, ठरावीक जाडीचं पॅकिंग आणि ब्लॉकचा ठरावीक माथा गृहीत धरून तो छापलेला असतो.

आता धोक्याकडे. प्लगने ठिणगी दिली की ज्वाला मिश्रण पेटवत सिलिंडरच्या कडेकडे सरकते. जळलेला वायू फुगतो आणि कोपऱ्यात उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबतो, तापवतो. ज्वाला तिथे पोहोचण्याआधी ते मिश्रण आपोआप पेटलं, तर ते एकदम भडकतं आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आदळू लागतात. ७४ मिलिमीटरच्या बोअरमध्ये या लाटा सेकंदाला सुमारे सात हजार वेळा आदळतात. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी धातूची किणकिण ती हीच. मिस्त्री म्हणतात, इंजिन ठोकतंय. आवाज ही त्यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. एरवी पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तो धातूला वाचवतो. या लाटा तो थर खरवडून काढतात. मग माथ्याची कड खवलते, रिंगांमधला पट्टा तुटतो, ॲल्युमिनियमचे बारीक चंदेरी कण उडून प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चिकटतात. संशय आला की प्लग काढून भिंगाखाली धरावा. चिनीमातीवर काळे-चंदेरी ठिपके दिसले, तर पिस्टन झिजायला लागला आहे, मग कानांना काही ऐकू आलेलं असो वा नसो.

ठोकण्याचा दोष इंधनाकडेही जातो, हे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्पष्ट होऊ लागलं. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू इंजिनात रेशो बदलता येईल असं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि कोणतं इंधन कुठल्या रेशोपर्यंत तग धरतं ते मोजलं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचं संयुग सापडलं. ते चिमूटभर घातलं की पेट्रोल ठोकायचं थांबत असे. पुढची पन्नास वर्षं रेशो चढवण्याचा मार्ग त्या शिशातून गेला, आणि त्याची किंमत जगभरच्या मुलांच्या रक्ताने मोजली. १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने हलक्या ऑक्टेनच्या, म्हणजे लवकर ठोकणाऱ्या, पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचे रेशो खाली आणले आणि दहा-अकराच्या घरातली इंजिनं साडेआठ-नऊवर उतरली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. मात्र रिकार्डोंचं दुसरं काम आपल्या मुद्द्याला जास्त जवळचं आहे. साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या हेडचा आकार त्यांनी असा बदलला, की पिस्टन वर येताना हेडच्या सपाट भागाखालून मिश्रण जोराने खोलीत ढकललं जाई, घुसळलं जाई आणि भराभर जळे. इंधन तेच ठेवून रेशो वाढवता आला. इंजिन किती कॉम्प्रेशन सोसतं हे पेट्रोलइतकंच खोलीच्या आकारावर ठरतं, याचा पुरावा शंभर वर्षांपासून आपल्यासमोर आहे. तरीही पिस्टन निवडताना तो बाजूला पडतो.

आपल्या पंपांवर काय मिळतं ते आधी पाहू. भारतीय मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ रिसर्च ऑक्टेन आणि ८१ मोटर ऑक्टेन ही अट वर्षानुवर्षं चालत आली. इथे एक घोळ नेहमी होतो. पिस्टनविषयीचे बहुतेक सल्ले अमेरिकी पुस्तकांतून आणि कॅटलॉगांतून येतात, आणि तिथे पंपावर लिहिलेला आकडा रिसर्च आणि मोटर यांची सरासरी असते. आपलं ९१ तिथल्या मोजमापात ८६ भरतं. उलट तिथल्या ९१ ला आपल्याकडचं ९५ किंवा थोडं जास्त लागतं. ‘पंपाच्या ९१ वर साडेदहा सहज चालतं’ हे तिकडचं वाक्य इकडे जसंच्या तसं उचललं, तर चार-पाच ऑक्टेनची तूट पदरी येते. रेशोचा एक अंक वाढला की साधारण चार ते पाच ऑक्टेनची गरज वाढते. म्हणजे एवढ्या एका गैरसमजात अख्खा एक अंक जातो.

यात ऊन मिळवा. दाबल्यावर मिश्रणाचं तापमान किती चढतं ते रेशोवर आणि सुरुवातीच्या तापमानावर, दोहोंवर अवलंबून असतं. ढोबळ हिशेबाने, रेशो १० वरून ११ केला तर दाबाच्या शेवटी तापमान पंचवीसेक अंशांनी वाढतं. पुण्यातल्या २८ अंशांच्या सकाळी चालवलेली गाडी नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या ४५ अंशांत नेली, तर आत येणारी हवा १७ अंशांनी तापलेली असते आणि दाबाच्या शेवटी हा फरक सदतीस-अडतीस अंशांचा होतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब थोडा कमी भरतो आणि तेवढा दिलासा मिळतो. तरीही विदर्भातली दुपार रेशोचा एखादा अंक सहज खाऊन टाकते. उंचीचा परिणाम याच्या उलट असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवाच कमी भरते, म्हणून तिथे न ठोकणारं इंजिन खाली कोकणात ठोकू शकतं. चाचणी घ्यायची तर मुंबईकडून कसारा घाट चढताना, दुपारी, माणसांनी भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये घ्यावी. थंड हवेत मोकळ्या रस्त्यावर घेतलेल्या फेरीतून काहीच सिद्ध होत नाही.

आता खर्चाची बाजू. इंजिन ठोकू लागलं की उपाय एकच, ठिणगी मागे घ्यायची. ढोबळ मानाने एका ऑक्टेनच्या तुटीला एक अंश टायमिंग द्यावं लागतं. सर्वोत्तम टायमिंगपासून चार-पाच अंश मागे गेलं तरी टॉर्क फारसा पडत नाही, एखाद-दोन टक्के जातात. पण हे नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. दहा अंशांवर ते पाच टक्क्यांच्या आसपास जातं आणि त्यापुढे झपाट्याने. म्हणजे ठोकण्याच्या सीमेवर आधीच उभ्या असलेल्या इंजिनाचा रेशो ९ वरून ११ वर नेला, तर सूत्रावर मिळणारे साडेपाच टक्के टायमिंग मागे घेण्यातच संपतात. वर एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह तापतात आणि रेडिएटरवर भार येतो. कारखान्याने मात्र इंजिन सहसा अगदी सीमेवर ठेवलेलं नसतं, देशभरच्या हवामानासाठी आणि पेट्रोलसाठी थोडी राखीव जागा सोडलेली असते. म्हणून पहिला अर्धा ते एक अंक जवळजवळ फुकट पदरात पडतो आणि दुसरा कर्जावर येतो. हा दुसरा अंकच नको, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप नव्या गाड्यांचा. माझदाने २०११ मध्ये डेमिओत १४ रेशोचं इंजिन दिलं, तेही साध्या पंपावरच्या पेट्रोलवर. टोयोटाच्या प्रियसचा रेशो दीर्घकाळ १३ होता. आपल्याकडच्या छोट्या गाड्याही आता दहा-अकरावर सर्रास येतात. मग जुन्या गाडीने दहावर का थांबावं? कारण त्या इंजिनांतला पिस्टन एकटा काम करत नाही. माझदाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं आणि त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड केलं. प्रियसमध्ये इनलेट व्हॉल्व्ह इतक्या उशिरा मिटतो की पिस्टनच्या वरच्या प्रवासातला मोठा भाग प्रत्यक्ष दाबण्यात जातच नाही. १३ हा फुगण्याचा रेशो आहे, दाबण्याचा त्याहून बराच कमी. नॉक सेन्सर सतत कान देऊन असतो आणि कॉम्प्युटर प्रत्येक फेऱ्याला टायमिंग सुधारतो. हे सगळं बाजूला ठेवून फक्त आकडा उचलला, तर हाती फक्त धोका येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाडी दिवसातला बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर चालते, तिथे ठोकण्याचा प्रश्नच नसतो, आणि वाढीव रेशोचा लाभ तिथे पुरेपूर मिळतो. मग पूर्ण भारावरच्या थोड्या नुकसानीसाठी तो का सोडायचा? हे म्हणणं खरं आहे, आणि मोटार कंपन्या याच तर्कावर रेशो चढवतात. पण तो तर्क नॉक सेन्सर आणि भारानुसार टायमिंग बदलणारी इग्निशन धरून चालतो. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि व्हॅक्यूमचा डबा एवढंच ज्या गाडीत आहे, तिला हलक्या भाराचं आणि पूर्ण भाराचं टायमिंग इतकं वेगळं ठेवता येत नाही; एका बाजूला सवलत दिली की दुसरीकडे मार बसतो. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि चालू नॉक सेन्सर असेल, तर आणखी अर्ध्या अंकापर्यंत जायला माझी हरकत नाही.

तिसरा आक्षेप इथेनॉलचा, आणि तो महाराष्ट्राला जवळचा, कारण या इथेनॉलचा मोठा वाटा आपल्या साखर कारखान्यांतून येतो. फेब्रुवारी २०२३ पासून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. सरकारच्या म्हणण्यानुसार त्याचा ऑक्टेन ९५ आहे. मग रेशो वाढवायला ही परवानगीच नाही का? काही अंशी आहे. इथेनॉलचं बाष्पीभवन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं. पण जुन्या गाडीत इंधन इनलेटच्या तोंडाशी फवारलं जातं, आणि थंडाव्याचा बराच भाग गरम भिंतीच शोषून घेतात. शिवाय ई२० मध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी असते आणि त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं; कार्ब्युरेटरचं जेट जुनंच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण अधिक तापतं. रबरी नळ्या, सील आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे हवेत हे वेगळंच. ई२० चा ऑक्टेन राखीव म्हणून ठेवावा, नव्या रेशोवर तो सगळा उधळू नये. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आलं, पण त्याचा भाव साध्या पेट्रोलच्या कितीतरी वर आणि पंप मोजके. त्याच्या भरवशावर बांधलेली गाडी शहराबाहेर लंगडी पडते.

मग पिस्टन निवडायचा तरी कसा? आधी हेड उतरवून खोली मोजावी. हेड उलटं, सपाट ठेवावं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर असू द्यावेत. काठाला ग्रीसची पातळ रेघ देऊन भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी त्यावर दाबून बसवावी आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट थेंबाथेंबाने सोडावं. पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की आकडा वाचावा. चारही खोल्या मोजाव्यात. त्यांत एक-दीड सीसीचा फरक निघाला तर तो आधी दूर करावा, नाहीतर चारातला एक सिलिंडर ठोकतो आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी टायमिंग सोडतात. त्यानंतर पॅकिंगची जाडी आणि पिस्टन वर असताना तो ब्लॉकच्या माथ्यापासून किती खाली राहतो ते मोजावं. पिस्टनच्या सपाट कडा आणि हेडचा सपाट भाग यांच्यात सुमारे एक मिलिमीटर अंतर ठेवावं. रिकार्डोंनी दाखवलेलं घुसळण इथेच घडतं आणि कोपऱ्यातलं मिश्रण पेटायच्या आत मध्यभागी ढकललं जातं. उंच माथ्याचा पिस्टन घालून नंतर ठोकणं थांबवायला दुहेरी पॅकिंग घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. रेशो कमी होतो खरा, पण हे अंतर दुप्पट होतं, घुसळण मरतं आणि इंजिन कमी रेशोवरही ठोकत राहतं. सपाट माथ्याचा पिस्टन, नीट अंतर आणि १० रेशो हे इंजिन, मोठ्या घुमटाच्या पिस्टनवर ११ ला बांधलेल्या इंजिनापेक्षा बहुधा जास्त टायमिंग सोसतं. घुमट ज्वालेच्या वाटेत आडवा येतो आणि उष्णता घेणारा पृष्ठभागही वाढवतो.

कॅमचा विचारही याच टेबलावर व्हावा. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन खालून परतल्यावर ६० अंशांनी मिटत असेल आणि कनेक्टिंग रॉड १२० मिलिमीटर धरला, तर वरच्या उदाहरणातला १० रेशो कमी वेगावर प्रत्यक्षात ८.३ इतकाच दाबतो. कॅम बदलून तो व्हॉल्व्ह ७० अंशांवर मिटवला, तर ११ रेशोही ८.४ वर येतो. म्हणून मोठ्या कॅमसोबत मोठा रेशो शोभतो आणि मूळच्या कॅमसोबत शोभत नाही. वेग वाढला की हवेच्या गतीमुळे सिलिंडर जास्त भरतो आणि हा हिशेब ढिला होतो. तरी घाटातला, कमी वेगावरचा धोका तो नेमका सांगतो. कॅम किंवा पिस्टनचा माथा बदलला असेल, तर माथ्यावर मातीचा, म्हणजे प्लॅस्टिसीनचा, पातळ थर देऊन इंजिन हाताने फिरवावं, हेड काढावं आणि उमटलेल्या खड्ड्याखाली उरलेली जाडी मोजावी. इनलेटला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे.

धातूबद्दल थोडक्यात. ठोकणं नसेल तर चांगल्या प्रतीचा ओतीव पिस्टन रस्त्यावर पुरेसा आहे. फोर्ज्ड पिस्टन मार जास्त सोसतो. त्यातला कमी सिलिकॉनचा प्रकार तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये मोकळीक जास्त द्यावी लागते आणि थंड इंजिनात तो खडखडतो. बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेला फोर्ज्ड प्रकार रोजच्या गाडीला बरा. मात्र फोर्ज्ड घातला म्हणून रेशो वाढवायला मोकळीक मिळाली असं मानू नये. ठोकणं त्याने थांबत नाही, फक्त मोडतोड उशिरा होते. आणि इंजिनातल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

तर जी१३बी सारखं ॲल्युमिनियम हेडचं, इनलेटमध्ये इंधन फवारणारं, मूळ कॅमचं आणि नॉक सेन्सर नसलेलं इंजिन महाराष्ट्रातल्या पंपांवर सर्व ऋतूंत चालवायचं असेल, तर सपाट माथ्याचे पिस्टन, एक मिलिमीटरचं अंतर आणि मोजून बांधलेला पावणेदहा ते दहा रेशो घ्यावा. कार्ब्युरेटर असेल तर साडेनऊवर थांबावं. मोठा कॅम आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू असेल तर साडेदहापर्यंत जावं, पण घाटाची चाचणी मे महिन्यात घेतल्याशिवाय टायमिंग पक्कं करू नये. अकराचे पिस्टन दुकानात स्वस्त मिळत असले तरी अशा गाडीसाठी घेऊ नयेत.